रिव्हॉल्व्हर आणि लिव्हर-ॲक्शन रायफल, दोन्हींसाठी एकच गोळी: वजन किती ग्रेन धरावं?

निशाणी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे चार इंची नळीचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे आणि त्याच काडतुसाची, १८९२ नमुन्याची, वीस इंची नळीची लिव्हर-ॲक्शन रायफल आहे. काडतुसं घरीच भरते. आजवर १५८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) जॅकेटवाली सॉफ्ट पॉइंट, म्हणजे तांब्याचं आवरण आणि टोकाला उघडं शिसं असलेली, गोळी दोन्हीत चालवली. तक्रार काही नाही, पण या मापात ११० पासून १८० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात आणि प्रत्येक वजनाचा कुणी ना कुणी कैवारी असतोच.

रिव्हॉल्व्हर पंचवीस यार्डांवर कागदासाठी, रायफल शंभर यार्डांवर कागद आणि लोखंडी पाट्यांसाठी. पुढे हरणाच्या शिकारीचाही विचार आहे. दोघांना एकच गोळी ठेवावी की वेगवेगळी? वजन ठरवताना तुम्ही आधी काय बघता? पावडरचे आकडे नकोत, मॅन्युअल समोर आहे. मला त्यामागचा विचार हवा आहे.

ओतारी

निशाणीताई, प्रश्न चांगला मांडलात. बहुतेक जण सुरुवात रिव्हॉल्व्हरपासून करतात आणि मग रायफलीपाशी अडतात. जोडीसाठी गोळी निवडायची तर आधी रायफलीला विचारा. रिव्हॉल्व्हर बऱ्यापैकी समजूतदार असतं. सिलिंडरात मावणारी आणि मापाला बरोबर असलेली जवळपास कुठलीही गोळी ते पंचवीस यार्डांवर नीट टाकतं. लिव्हर रायफलीचं तसं नाही.

पहिली गोष्ट नळीतला पीळ. गोळी हवेत भोवऱ्यासारखी उभी राहायची तर तिला पुरेशी फिरकी लागते, आणि गोळी जितकी लांब तितकी फिरकी जास्त लागते. नीट लक्षात घ्या, लांबी महत्त्वाची आहे. वजन वाढलं की लांबी वाढते म्हणून आपण वजनाच्या भाषेत बोलतो इतकंच. .३५७ च्या बहुतेक अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या नळीला १४ ते १९ इंचांत एक पूर्ण फेरा असतो. मार्लिनच्या .३५७ रायफलींत १६ इंचांत एक. पण ९२ नमुन्याच्या काही नव्या रायफलींत ३० इंचांत एक फेरा असतो, म्हणजे पीळ जवळजवळ निम्मा ढिला. तुमची रायफल त्यातली आहे का, ते आधी मोजा.

मोजणं सोपं आहे. रायफल रिकामी आहे याची खात्री करा. सफाईच्या दांडीला, म्हणजे मूठ मोकळी फिरणाऱ्या दांडीला, घट्ट बसेल असा चिंधीचा तुकडा लावा आणि तोंडाकडून आत ढकला. दांडीवर एक खूण वरच्या बाजूला करा आणि नळीच्या तोंडाशी दुसरी. आता हळूहळू ओढा. वरची खूण पूर्ण फिरून पुन्हा वर येईपर्यंत दांडी किती इंच बाहेर आली, तो तुमचा पीळ. वीस इंची नळीत ३० इंचांचा फेरा पूर्ण होणार नाही, तेव्हा अर्धा फेरा मोजून दुप्पट करा.

मग ग्रीनहिलचं सूत्र लावा. १८७९ सालचं आहे, पण आपल्या वेगांना आजही कामाला येतं. व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले पिळाचे इंच, उत्तर म्हणजे चालणाऱ्या गोळीची लांबी. .३५७ ला ३० च्या पिळात उत्तर येतं साधारण ०.६४ इंच. १६ च्या पिळात तेच १.१९ इंच. सूत्र थोडं कडक आहे, म्हणून १५८ ग्रेनची गोळी हद्दीवर असूनही ३० च्या पिळात सहसा छान चालते. १८० ग्रेन चालेल की नाही, हे प्रत्येक रायफल स्वतः सांगते.

न चाललेली गोळी कागदावर कळते. भोक गोल पडण्याऐवजी लांबट पडतं, कधी तर गोळीची आडवी आकृतीच उमटते. पन्नास यार्डांवर गोल आणि शंभरावर लांबट, असंही होतं. म्हणून पन्नासावर खूश होऊन थांबू नका.

अस्मानी

ओतारीदादा, हे वाचून माझं एक जुनं कोडं सुटल्यासारखं वाटतंय. माझी .४४ मॅग्नमची मार्लिन १८९४ आहे, जुन्या कारखान्यातली. रिव्हॉल्व्हरात ३०० ग्रेनची गोळी सुरेख बसते, तीच रायफलीत घातली की गट पार विस्कटतो. २४० ग्रेन मात्र दोन्हीत नेटकी. मला वाटत होतं दस्ता किंवा साइट ढिली असेल.

ओतारी

दस्ता तपासाच, पण दोष बहुधा तिथे नाही. जुन्या .४४ मॅग्नम मार्लिनला ३८ इंचांत एक फेरा आहे. तुमच्या रिव्हॉल्व्हराला बहुतेक २० इंचांत एक असणार. आता सूत्र लावा: .४२९ चा वर्ग गुणिले १५०, भागिले ३८. उत्तर ०.७३ इंचांच्या आत-बाहेर. २४० ग्रेनची जॅकेटवाली गोळी साधारण ०.७० इंच असते, म्हणजे मावली. ३०० ग्रेनच्या गोळ्या ०.८० च्या पुढे जातात. तीच गोळी २० च्या पिळाला १.३८ इंचांची मुभा असल्यामुळे रिव्हॉल्व्हरात निवांत फिरते. तुमच्या हातात कॅलिपर असेलच. गोळी उभी धरून टोक ते बूड मोजा, वजनापेक्षा तो आकडा जास्त बोलतो.

रूगरने मार्लिन हातात घेतल्यावर निघालेल्या .४४ च्या १८९४ ला २० चा पीळ आहे. तिथे ३०० ग्रेन चालते. त्यामुळे कुणी 'मार्लिनमध्ये ३०० छान चालते' म्हणालं की आधी विचारावं, कुठली मार्लिन?

धूमकेतू

एक वेगळं मत मांडतो. .३५७ ला मला १२५ ग्रेन आवडते. वेग जास्त, मार्ग सपाट, धक्का कमी. रिव्हॉल्व्हरातून १२५ ग्रेन सेकंदाला १४५० फुटांनी गेली तर ऊर्जा ५८४ फूट-पाउंड येते. १५८ ग्रेन १२५० फुटांनी गेली तर ५४८. हलकी गोळी ऊर्जेतही पुढे आहे. मग जड गोळीचा एवढा आग्रह कशासाठी?

ओतारी

आकडे बरोबर आहेत. आता त्याच दोन गोळ्यांचा संवेग काढा. वजन गुणिले वेग: १२५ ची १ लाख ८१ हजार, १५८ ची १ लाख ९७ हजार ५००. लोखंडी पाटी ढकलायची तर संवेग लागतो. रिव्हॉल्व्हराच्या सिल्हूट स्पर्धेत २०० मीटरवरचा लोखंडी मेंढा नुसता लागून चालत नाही, आडवा पडावा लागतो. तिथे सगळे जड गोळीकडे जातात ते याचसाठी.

जनावराच्या बाबतीत मुद्दा आणखी गंभीर आहे. पोकळ टोकाच्या १२५ ग्रेनच्या गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या वेगात उमलाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. रायफलीच्या वीस इंची नळीतून तीच गोळी २००० फुटांच्या पुढे जाते. त्या वेगात ती वरच्यावर फुटते आणि आत पोचत नाही. हरणाला मोठी जखम होते, ते पळतं, आणि कुठेतरी जाऊन तासन्‌तास तडफडतं. हे मला मान्य नाही. १५८ ग्रेन चार इंची नळीतून १२०० ते १२५० आणि वीस इंचीतून १७०० ते १८०० ने जाते, आणि तेवढा ताण चांगली सॉफ्ट पॉइंट गोळी सोसते. छेदघनता, म्हणजे गोळीचं वजन भागिले व्यासाचा वर्ग (पाउंड आणि इंचांत), काढलीत तर १२५ ची ०.१४०, १५८ ची ०.१७७ आणि १८० ची ०.२०२ येते. आत किती शिरेल याचा पहिला अंदाज तो आकडा देतो.

जुनी_नळी

हलक्या गोळीबद्दल रिव्हॉल्व्हरच्या बाजूनेही एक सांगण्यासारखं आहे. स्मिथ अँड वेसनची के फ्रेम, म्हणजे मॉडेल १९ वगैरे, तिच्यात नळीचं मागचं तोंड खालच्या बाजूला तासून पातळ केलेलं आहे, कारण सिलिंडरचा आधार तिथे बसायला हवा. पूर्ण ताकदीच्या १२५ ग्रेनच्या गोळ्या सतत चालवल्या की तिथे भेग जाते, असं पुष्कळ बंदुकांत दिसून आलं. १५८ ग्रेनने एवढा त्रास होत नव्हता. हलकी गोळी आखूड असते, पुंगळीतून (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यातून) लवकर सुटते, आणि पेटता वायू व पावडरचे कण त्या तोंडावर जास्त आदळतात. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने थोडी मोठी एल फ्रेम काढली. ५८६ आणि ६८६ त्यातल्याच.

निशाणीताई, तुमचं रिव्हॉल्व्हर कुठल्या फ्रेमचं आहे हे बघा. के फ्रेम असेल तर रोजची गोळी १५८ च ठेवा.

धूमकेतू

शिकारीचा मुद्दा मान्य. के फ्रेमचाही. पण हलकी गोळी म्हणजे लगेच भरधाव गोळी, हे समीकरण मला पटत नाही. काउबॉय ॲक्शन स्पर्धेत १०५ ते १२५ ग्रेनच्या शिशाच्या गोळ्या अगदी मंद वेगाने चालवतात. तिथे गोळी शिशाचीच लागते, आणि वेगाला वरची मर्यादा आहे: रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १००० फूट, रायफलीला १४००. धक्का इतका कमी की पुढचा नेम लगेच सापडतो. ज्याला दुपारभर मनगट न दुखवता सराव करायचा आहे त्याला हे वजन योग्यच आहे. निशाणीताईंनी पाट्यांचाही उल्लेख केला आहे.

ओतारी

हे शंभर टक्के मान्य. मंद वेगात हलकी शिशाची गोळी फार सुखाची असते. फक्त निशाणीताईंच्या दोन गोष्टी बदलतील: साइट आणि काडतुसाची लांबी. साइटबद्दल जुनी_नळी यांनी लिहावं, त्यांचा हातखंडा आहे.

जुनी_नळी

लिहितो. पंचवीस यार्डांवर रिव्हॉल्व्हरातून जड गोळी वर लागते आणि हलकी खाली. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. चाप ओढल्यावर गोळी नळीत असतानाच धक्का सुरू होतो आणि नळीचं तोंड वर चढायला लागतं. जड गोळी मंद असते, नळीत जास्त वेळ राहते, बाहेर पडेपर्यंत तोंड जास्त वर गेलेलं असतं. शंभर यार्डांवर रायफलीत मात्र चित्र बदलतं. तिथे उड्डाणाचा वेळ महत्त्वाचा होतो आणि जड मंद गोळी खाली उतरते.

साइट फिरवता येत असेल तर प्रश्न नाही. पण जुन्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरात मागची साइट म्हणजे फ्रेमवर कोरलेली खाच आणि पुढे एक पातळ पातं. ती कारखान्यात ठरावीक वजनासाठी उंच-ठेंगणी केलेली असतात. .४५ कोल्टला २५० ते २५५ ग्रेन, .४४-४० ला २०० ग्रेन, .३८ स्पेशल आणि .३५७ ला १५८ ग्रेन. अशा रिव्हॉल्व्हरात वजन निवडणं म्हणजे साइट निवडणंच. पातं कानस लावून कमी करण्याआधी दोन-तीन वजनं चालवून बघा, कारण घासलेलं पोलाद परत येत नाही.

थोडा इतिहासही इथेच सांगतो, कारण तो या धाग्याच्या गाभ्याशी आहे. एकाच काडतुसावर रायफल आणि रिव्हॉल्व्हर ही सोय जुनी आहे. विंचेस्टरने १८७३ च्या रायफलीसोबत .४४-४० आणलं: २०० ग्रेनची सपाट टोकाची गोळी आणि ४० ग्रेन काळी पावडर. १८७८ पासून कोल्टने आपलं सिंगल ॲक्शन त्याच काडतुसात द्यायला सुरुवात केली. .३८-४० ला १८० ग्रेनची गोळी आली. हे आकडे सहज पडलेले नाहीत. रायफलीच्या यंत्रातून सरकेल एवढी लांबी, नळीच्या पिळाला झेपेल एवढं वजन आणि हातात धरून सोसवेल एवढा धक्का, या तिन्हींचा मेळ तिथे बसतो. गंमत बघा, .४५ कोल्ट १८७३ पासून आहे, पण एकोणिसाव्या शतकात त्याची लिव्हर रायफल निघालीच नाही. त्याच्या पुंगळीची कड इतकी अरुंद होती की रायफलीच्या आकड्याला तिला धरून ओढणं भरवशाचं नव्हतं.

नवखा_नेमबाज

खूप माहितीपूर्ण धागा. एक सरळ प्रश्न: १५८ ग्रेनच्या गोळीला किती ग्रेन पावडर घालू? कुणीतरी एक आकडा दिला तर उपकार होतील.

ओतारी

मित्रा, इथे कुणी आकडा देणार नाही, आणि दिला तरी तू घेऊ नकोस. १५८ ग्रेनच्या दोन कंपन्यांच्या दोन गोळ्यांची लांबी वेगळी, जॅकेटचा कठीणपणा वेगळा, पुंगळीत शिरणारा भाग वेगळा. आत जास्त शिरली की पावडरची जागा कमी होते आणि दाब चढतो. मॅन्युअलमध्ये नेमकी तुझीच गोळी शोध, तुझीच पावडर, तुझाच प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी), आणि खालच्या आकड्यापासून सुरू कर. गोळी बदलली की पुन्हा खालून.

आणखी एक. गोळीचं वजनही ग्रेनमध्ये आणि पावडरचंही ग्रेनमध्येच. ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, १५.४३ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. वही लिहिताना दोन वेगळे रकाने कर आणि वर ठळक 'गोळी', 'पावडर' लिही. त्यात घोळ झाला तर हात जाईल.

मॅन्युअलमध्ये .३५७, .४४ आणि .४५ कोल्टची रिव्हॉल्व्हर आणि रायफलीची पानं कधी वेगळी असतात. दोन्हीत चालवायचं काडतूस दोघांपैकी कमकुवत बंदुकीच्या हिशोबाने भर. १८७३ नमुन्याच्या रायफलीचं टॉगलचं, म्हणजे सांध्यांच्या दांड्यांनी बंद होणारं, यंत्र ९२ पेक्षा नाजूक आहे. .४५ कोल्टचा मान्य दाब १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) आणि .४४ मॅग्नमचा ३६,०००. मॅन्युअलमध्ये भक्कम रिव्हॉल्व्हरांसाठी म्हणून दिलेले .४५ कोल्टचे जड आकडे ७३ च्या प्रतिकृतीत कधीच घालायचे नाहीत.

निशाणी

सगळ्यांचे आभार. रात्री मोजलं. माझ्या रायफलीचा पीळ ३० इंचांत एक आहे. रिव्हॉल्व्हर के फ्रेम नाही. म्हणजे १८० वर फुली मारू का? आणि दादा, तुम्ही काडतुसाच्या लांबीचं म्हणालात ते राहिलं.

ओतारी

१८० वर फुली मारू नका, पण विकत घ्यायची झाली तर लहान खोका घ्या आणि शंभर यार्डांवर भोकं बघा. शिकारीला १५८ पुरेशी आहे, त्यामुळे अडत काहीच नाही.

आता लांबी. ९२ आणि मार्लिन या दोन्हींत काडतूस नळीखालच्या मॅगझिनच्या नळकांड्यातून मागे येतं आणि एका पाळण्यासारख्या तुकड्यावर चढून वर उचललं जातं. लांब काडतूस त्यात अडकतं. आखूड काडतूस वर जाताना वाकडं होतं, किंवा मार्लिनमध्ये पुढच्या काडतुसाला वाट देतं आणि रायफल बंद पडते. .३५७ ची मान्य कमाल लांबी १.५९ इंच, .४४ मॅग्नमची १.६१. रिव्हॉल्व्हरात सिलिंडर लांब असला की माणूस सढळ हाताने लांब काडतूस भरतो आणि तेच रायफलीत शिरत नाही.

याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकन बंदूक-लेखक एल्मर कीथ यांनी आखलेली ४२९४२१ क्रमांकाची साच्यातली गोळी, सुमारे २५० ग्रेनची. रिव्हॉल्व्हरमध्ये अप्रतिम. पण तिचं नाक इतकं लांब आहे की .४४ मॅग्नमच्या पुंगळीत तिच्या नेमक्या खाचेवर क्रिंप केली, म्हणजे पुंगळीचा काठ आत वळवून गोळी पकडली, तर काडतूस १.७ इंचांच्या आसपास जातं. बहुतेक लिव्हर रायफली ते गिळत नाहीत. शिवाय तिचा धारदार खांदा चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, काठाला घासतो. जोडीसाठी ओतलेली गोळी हवी तर गोलसर बाजूंची, सपाट टोकाची घ्या. त्याच वजनात नाक आखूड आणि बूड पुंगळीत जास्त, असे साचे मुद्दाम लिव्हर रायफलींसाठी बनतात.

अस्मानी

टोकदार गोळीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून नव्या वाचकांसाठी लिहितो. नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात आणि मागच्याची गोळी पुढच्याच्या प्रायमरला टेकलेली असते. टोकदार कठीण गोळी धक्क्याने तो प्रायमर फोडू शकते आणि मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. सपाट टोकच हवं, आणि ते प्रायमरपेक्षा रुंद हवं. हॉर्नडी कंपनीच्या मऊ पॉलिमर टोकाच्या गोळ्या याला अपवाद आहेत, त्या नळकांड्यासाठीच बनवल्या आहेत. पण त्या लांब असतात. .३५७ आणि .४४ मध्ये त्यांच्यासाठी पुंगळी नेहमीपेक्षा आखूड कापावी लागते, म्हणजे तो पुंगळ्यांचा ढीगच वेगळा ठेवा.

जुनी_नळी

+१. आणि तांब्याच्या गोळ्यांचंही सांगा कुणीतरी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तेव्हा तिकडच्या मंडळींना हा प्रश्न रोजचा आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. ढिल्या पिळात १४० ग्रेनची तांब्याची गोळी १५८ च्या शिशाच्या गोळीइतकीच लांब भरू शकते. तिथे नेहमीच्या वजनाच्या एक पायरी खाली उतरायला हरकत नाही. तांबं फुटून विखुरत नाही, हलकी असूनही ती गोळी खोल जाते.

ओतारी

बरोबर. आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग: क्रिंप. वजन वाढलं की क्रिंपवरचा भार वाढतो, आणि या दोन बंदुका गोळीला नेमक्या उलट दिशांना ओढतात.

रिव्हॉल्व्हरात धक्का बसला की बंदूक मागे जाते, पुंगळीच्या कडेमुळे पुंगळीही मागे ओढली जाते, आणि जड गोळी जागच्या जागी राहायला बघते. म्हणजे ती पुंगळीतून पुढे सरकते. फार सरकली तर सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. लिव्हर रायफलीत स्प्रिंग काडतुसांना मागे रेटत असते, धक्क्यात ती एकमेकांवर आदळतात, आणि गोळी पुंगळीत आत ढकलली जाते. आत गेली की दाब वाढतो. एकाच काडतुसाला हे दोन्ही सोसायचं आहे.

हे तपासता येतं आणि प्रत्येक नव्या वजनाला तपासावं. रिव्हॉल्व्हरात सहा काडतुसं भरा, एकावर मार्करने खूण करा आणि त्याची लांबी कॅलिपरने हजाराव्या भागापर्यंत लिहून ठेवा. बाकीची पाच झाडा, खुणेचं काढा, पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर क्रिंप कमी पडतोय. रायफलीत खुणेचं काडतूस सर्वांत आधी मॅगझिनमध्ये घाला, म्हणजे ते शेवटपर्यंत आत राहून सगळे धक्के खाईल. वरची सगळी झाडून झाली की लिव्हर चालवून ते काढा आणि मोजा. लांबी कमी झाली असेल तर गोळी आत गेली आहे, आणि ते काडतूस झाडायचं नाही.

क्रिंप गोळीच्या खाचेतच बसला पाहिजे. खाच नसलेली, पिस्तुलासाठी बनवलेली गोळी स्वस्त मिळाली तरी या कामाला घेऊ नका. पुंगळ्या सगळ्या एकाच लांबीच्या कापलेल्या हव्यात, नाहीतर एकीवर क्रिंप घट्ट आणि दुसरीवर नावापुरता. आणि नुसत्या क्रिंपवर विसंबू नका. पुंगळीची मान गोळीला सगळीकडून घट्ट धरत नसेल तर वरचा वळलेला काठ फार काळ तग धरत नाही.

धूमकेतू

हे फारच उपयोगी. मंद काडतुसांबद्दल मीही एक धोका सांगतो. .३८ स्पेशलचं हलकं काडतूस चार इंची नळीतून मजेत जातं, पण वीस इंची नळीत घर्षण पाचपट अंतर चालतं. जॅकेटवाली गोळी अशा मंद काडतुसात भरू नये, ती रायफलीच्या नळीत अडकू शकते. मंद काम शिशाच्या गोळीलाच द्यावं. आवाज दबका आला, धक्का विचित्र वाटला, कागदावर भोक नाही, तर लिव्हर चालवायची नाही. रायफल रिकामी करून नळीत बघायचं. मागून दुसरी गोळी आली तर नळी फुगते.

आणि मंद काडतुसाला एच-११० किंवा डब्ल्यू-२९६ सारखी पावडर वापरायची नाही. ती भरलेल्या पुंगळीत आणि जड गोळीमागे छान जळते. कमी घातली तर पेट नीट घेत नाही, म्हणून कंपनीच ती कमी करू नका असं बजावते. वजन ठरलं की पावडरची जातही बरीचशी ठरते.

निशाणी

मनाशी असं ठरवतेय. शिकारीला आणि शंभर यार्डांना १५८ ग्रेनची सपाट टोकाची, खाचवाली जॅकेट गोळी. सरावाला १५८ च्याच वजनाची, तशाच नाकाची ओतलेली शिशाची गोळी, कमी वेगात. वजन तेच असलं तर रिव्हॉल्व्हरची साइट फार हलवावी लागणार नाही. १२५ ची शिशाची गोळी फक्त पाट्यांच्या दिवशी, वेगळ्या डब्यात. बरोबर?

ओतारी

छान जोडी आहे. साइट थोडी हलेल, कारण वेग बदलला की नळीतला वेळ बदलतो, पण पंचवीस यार्डांवर त्याचा हिशोब सहज बसतो.

शिशाच्या गोळीआधी रायफलीच्या नळीचं माप घ्या. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून ढकला आणि मायक्रोमीटरने जाड भाग मोजा. ओतलेली गोळी त्याहून एक-दोन हजारांश जाड हवी. बारीक गोळी वायू सोडते आणि नळीला शिसं धरतं. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या तोंडातून ती हाताच्या दाबाने सरकायला हवी. दोन्ही मापं जुळली तर साचा एकच पुरेल. रायफलीच्या पूर्ण वेगाला शिसं चालवायचं झालं तर बुडाशी तांब्याची चकती बसणारी गोळी घ्या.

काही भरण्याआधी पावडर आणि प्रायमर नसलेली दोन-तीन डमी काडतुसं बनवा. मॅगझिनमध्ये घाला, लिव्हर आधी अगदी हळू चालवा आणि मग जोरात. हळू चालवताना अडणारं काडतूस कधी जोरात चालून जातं, आणि उलटही होतं. डमीच्या गोळीवर कुठे ओरखडा पडतो ते बघा. नाकाच्या खालच्या काठावर पडत असेल तर चेंबरच्या तोंडाशी घासतंय, अशा वेळी नाकाचा आकार बदला, लांबी नको.

अस्मानी

दादा, माझ्या ३८ च्या पिळाला २४० च्या वर काहीच नाही का? थोडं जड मिळालं असतं तर बरं होतं.

ओतारी

२६५ ग्रेनची सपाट टोकाची हॉर्नडीची गोळी बघा. ती .४४४ मार्लिनसाठी आखलेली आहे, आणि जुन्या .४४४ मार्लिनलाही ३८ चाच पीळ होता. म्हणून ती लांबीला आटोपशीर आहे. पण .४४४ चा वेग जास्त, त्यामुळे तिचं जॅकेट जाड आहे. .४४ मॅग्नमच्या रायफलीतून जवळच्या अंतरावर ती ठीक उमलेल, रिव्हॉल्व्हरातून फारशी उमलणार नाही, सरळ आरपार जाईल. त्यातली खाचही .४४४ च्या हिशोबाने आहे, तेव्हा .४४ मॅग्नमच्या पुंगळीत काडतुसाची लांबी १.६१ च्या आत राहते का, हे डमी बनवून आधी मोजा. राहिली नाही तर २४० वरच थांबा.